खेकड्याची शीळ आणि आत्याचं मॅट्रिक

मार्च लागला की आमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर मृग बहराची संत्री येतात आणि खालच्या मजल्यावरची मुग्धा मोठमोठ्यानं पाठांतर करू लागते. दोन्ही गोष्टी साधारण एकाच आठवड्यात सुरू होतात. काल ती इंग्रजी वाक्प्रचार घोकत होती. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. मला राहवेना. मी गॅलरीतून हाक मारली, "मुग्धा, रशियन लोक काय म्हणतात माहीत आहे? बादलीनं ओततो आहे, म्हणतात." तिनं वर पाहिलं, "आजी, ते परीक्षेला नाही," म्हणाली आणि पुन्हा कुत्र्यामांजरांकडे वळली. बरोबरच होतं तिचं. रशियन परीक्षेला नसतं. आमच्या घरात ही गोष्ट एका माणसाच्या जरा उशिरा लक्षात आली होती, आणि ते माणूस म्हणजे माझी यमूआत्या.

महायुद्ध चालू होतं त्या वर्षांतली गोष्ट. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि आम्ही नागपुरात अजनीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे नळ आणि नळापलीकडे मेंदीचं कुंपण. कुंपणाच्या पलीकडे मोठ्या साहेबलोकांचे बंगले सुरू होत. मी त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होते. आत्याही बसणार होती. एका घरातून आत्या आणि भाची एकाच वेळी मॅट्रिकला बसताहेत याचं अजनीत बरंच कौतुक होतं आणि त्याहून जास्त हसू होतं. आम्हां दोघींत गाईड एकच, कंदील एकच, आणि गणित दोघींचंही सारखंच कच्चं.

पण आमच्या परीक्षा सारख्या नव्हत्या. मी नापास झाले असते तर आईनं दोन दिवस तोंड पाडलं असतं आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा बसले असते. आत्याला पुढचं वर्ष नव्हतं. ती वडिलांची धाकटी बहीण, विशी नुकतीच ओलांडलेली. नवरा विषमज्वरात गेला आणि काटोलकडच्या सासरी, संत्र्याच्या बागेत राबायला ती तेवढी उरली. पहाटे उठून फळं निवडायची, गवत घालून टोपल्या भरायच्या, मग घरातल्या पंधरा माणसांचा स्वयंपाक. थोरले दीर म्हणजे तिचे भासरे, गुलाबराव, घरचा कारभार पाहत. वडिलांनी त्यांच्यापुढे बसून कितीदा तरी विनंती केली तेव्हा ते म्हणाले होते, "एक डाव बसू द्या त्यायले. पास झाल्या तं पाहू. नाही झाल्या तं मी येतो अन् घेऊन जातो." इकडे मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मॅट्रिक होऊ द्या, जूनपासून खालच्या वर्गांवर घेते. म्हणजे पास झाली तर शाळा, नापास झाली तर टोपल्या. मधलं काही नव्हतं.

आत्याला सगळ्यात मोठी धास्ती इंग्रजीची, आणि इंग्रजीत वाक्प्रचारांची. व्याकरणाला नियम तरी असतो. डोंगर आणि चिचुंद्रीचं बीळ, डुक्कर आणि पोतं, मटार आणि शेंग यांना कसला नियम? ती भल्या पहाटे नळापाशी पाटावर बसायची, डोळे मिटायची आणि एका सुरात म्हणत सुटायची. तिचा सूर असा लागायचा की दूधवाला सायकल हळू करायचा. त्याला वाटायचं बाई स्तोत्र म्हणताहेत.

दूधवाल्याचंच काय, पलीकडच्या बंगल्यातल्या मडमेलाही तसंच वाटलं. एका सकाळी मेंदीच्या कुंपणातून एक मोठा लालबुंद चेहरा वर आला आणि रेल्वेच्या हिंदीत विचारता झाला, "ये कौन सा भगवान का पूजा है? रोज सुबह, रोज सुबह!"

आत्यानं पुस्तक पदराखाली लपवलं. मीच धीर करून सांगितलं, "पूजा नही मॅडम, ये तो इंग्लिश है."

"इंग्लिश?" मडम कुंपणातून हात घालून म्हणाली, "दिखाओ!" आणि पुस्तक तिच्या हातात गेलं. तिनं एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि एवढ्या मोठ्यानं हसली की आमची आई पोळपाट-लाटणं तसंच टाकून बाहेर आली.

ती तमाराबाई. गोरी म्हणून आम्ही तिला मडम म्हणायचो, पण ती इंग्रज नव्हती, रशियन होती. तिकडे उलथापालथ झाली तेव्हा लहानपणीच आईबापांबरोबर घर सुटलं, चीनमधल्या कुठल्या कुठल्या शहरांतून फिरत कलकत्त्याला आली, तिथं एका इंग्रज लोको फोरमनशी लग्न केलं आणि त्याच्या बदलीबरोबर नागपूरला येऊन पोचली. इंग्रजी तिनं व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेलं. न्यायाधीशानं निकाल वाचून दाखवावा तसं बोलायची. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे साहेबलोकांच्या क्लबात, शनिवारी साहेबांच्या बायका जमत, हसतखिदळत बोलत, आणि ही मधे बसून राहायची. कुणी म्हणे 'पीस ऑफ केक', तर ही टेबलाकडे पाहायची. पुस्तकातलं इंग्रजी आणि तोंडातलं इंग्रजी यांच्यामधल्या दारात ती कित्येक वर्षं उभी होती, आणि आता आमच्या मॅट्रिकच्या गाईडात तिला त्या दाराची किल्ली सापडली होती.

तेव्हापासून रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. कोण कुणाला शिकवत होतं हे सांगणं कठीण आहे. आत्याला इंग्रजी शब्द पाठ होते, त्यांच्यातला जीव ठाऊक नव्हता. तमाराबाईला गाईडातला अर्थ वाचला की लगेच तसलाच रशियन वाक्प्रचार आठवे, आणि मग तो आम्हाला करून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिची रीतच होती, आधी करायचं, मग म्हणायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना बसायला वेताचे दोन मोडे, मधे संत्र्यांची टोपली. संत्री गुलाबरावांच्याच बागेतली. दर पंधरवड्याला ते एक टोपली पाठवत, कधी विसरले नाहीत. ज्या बागेतून सुटण्यासाठी आत्या अभ्यास करत होती तिचीच फोड तोंडात ठेवून ती अभ्यास करत होती. गोड लागायची तिला, ती तसं म्हणायचीही.

भीतीचा दिवस मला फार स्पष्ट आठवतो. गाईडात होतं, घाबरलेल्या माणसाचं काळीज तोंडात येतं. तमाराबाईनं मान हलवली. आमच्याकडे नाही, म्हणाली, आमच्याकडे आत्मा खाली जातो, थेट टाचांत. आणि ती उठून, पोटापासून पायापर्यंत हात सरकवत, टाचा आपटत अंगणभर पळाली. आत्या खुदकन हसली आणि म्हणाली, "आमच्या इथं तं पोटात गोळा येते." मग आम्ही तिघी बराच वेळ त्यावर बोलत बसलो. इंग्रजांची भीती वर चढते, रशियनांची खाली उतरते, आपली मात्र बसल्या जागी पोटात राहते. आई पापड वाळत घालता घालता ऐकत होती. ती म्हणाली, "त्यायले पळाले जागा हाय म्हणून. आपण कुठं जातो?" हे मी तमाराबाईला हिंदीत करून सांगितलं तर तिनं कुंपणावरून वाकून आईचा पापडाच्या पिठानं भरलेला हात हातात घेतला.

आईचं इंग्रजी शून्य, पण त्या शिकवणीत सगळ्यात अचूक तीच बोलायची. एकदा न पाहता वस्तू पदरात घेण्याचा वाक्प्रचार आला. इंग्रज म्हणतात पोत्यातलं डुक्कर घेतलं, रशियन म्हणतात पोत्यातलं मांजर घेतलं. आत्या विचारात पडली. आपल्यात याला काय म्हणायचं? गाईडात नव्हतं, मला सुचत नव्हतं. आई न बघताच म्हणाली, "लग्न." तमाराबाईला अर्थ समजला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसून की कशानं ते तिलाच सांगता आलं नसतं. वडील तेवढ्यात कचेरीतून आले होते, ते मुकाट्यानं हातपाय धुवायला गेले.

वडिलांवर तर त्या शिकवणीची वक्रदृष्टीच होती. ते गुरुवारी भजन म्हणत. एका गुरुवारी तमाराबाईनं कुंपणापलीकडून ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्यानं आम्हाला सांगितलं, यांच्या कानावर अस्वलानं पाय दिलेला आहे. सुराचं ज्ञान नसलेल्या माणसाबद्दल रशियात असंच बोलतात म्हणे. आत्यानं लाडक्या भावाची बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षा होती. आत्या म्हणाली, "एक नाही, दोन अस्वलं." पुढे वडील भजनाला बसले की आम्ही एकमेकींकडे बघायचोच नाही, बघितलं की संपलं.

एखाद्या विषयात मुरलेल्या माणसानं 'त्या विषयातला कुत्रा खाल्ला आहे' असं रशियन म्हणतात, हे कळलं त्या दिवशी मात्र आईनं पाणी शिंपडून पडवी पुन्हा सारवली.

ललित लिहायला बसलं की माणूस हसऱ्या गोष्टींच्याच मागे जातो. पण एक दुपार हसण्याची नव्हती, आणि ती सांगितली नाही तर बाकीच्या सांगण्याला अर्थ नाही. गाईडात पाण्याबाहेरच्या माशाचा वाक्प्रचार होता. परक्या जागी अवघडून गेलेला माणूस. तमाराबाई यावेळी उठली नाही, पळाली नाही. संत्र्याची साल बोटांनी बारीक करत म्हणाली, आमच्याकडे म्हणतात, तो स्वतःच्या ताटात नाही. मी नेहमीप्रमाणे वहीत लिहून घेत होते. आत्या लिहीत नव्हती. ती हळूच म्हणाली, "हे मले समजलं." मग मराठीत, तमाराबाईला कळो न कळो, बोलत राहिली. सासरी सगळ्यांचं जेवण झाल्यावर ती बसायची तेव्हा वेगळं ताट घेत नसे. ज्याचं ताट समोर असेल त्यातच वाढून घ्यायची, घासायला एक कमी. एवढंच म्हणाली. पण तमाराबाईनं सगळं कळल्यासारखी मान हलवली. कलकत्त्यात, चीनमध्ये, इन्स्टिट्यूटच्या टेबलाशी तीही दुसऱ्याच्याच ताटात बसलेली होती. तो वाक्प्रचार आत्यानं घोकला नाही. तिला तो एकदाच ऐकून पाठ झाला.

त्याच दिवशी नावांचंही निघालं. रशियात बाईच्या नावापुढे तिच्या बापाचं नाव लागतं आणि लग्न झालं तरी ते सुटत नाही. आत्याला ते फार आवडलं. "म्हणजे बाप जातच नाही?" तिनं दोनदा विचारलं. आमच्या आजोबांचं नाव केशव. त्यामुळे तमाराबाईनं तिचं तिथल्या तिथं बारसं केलं, यमुना केशवोव्ना. दुसऱ्या दिवसापासून कुंपणापलीकडून हाक येऊ लागली, "यमुना केशवोव्ना! संतरा खाओ, किताब लाओ!" आणि आत्या, जी सासरी हाक आली की दचकून उठायची, ती पदर खोचून जवळजवळ धावत जायची.

तमाराबाईचीही प्रगती चालू होती. एका रविवारी ती सकाळीच आली, आईला मिठी मारली, मला मिठी मारली, आत्याला उचललंच. आदल्या संध्याकाळी इन्स्टिट्यूटमध्ये कुणीतरी लाडू कसा वळायचा म्हणून विचारलं होतं आणि हिनं सहज, अगदी सहज म्हटलं होतं, 'पीस ऑफ केक!' सगळ्या बायका हसल्या, आणि तिला पाहून नव्हे तर तिच्याबरोबर हसल्या. रशियनमध्ये याला वाफवलेल्या सलगमाहून सोपं म्हणतात, आपल्यात डाव्या हातचा मळ. लाडू वळताना या तिन्हींपैकी एकही चांगलं दिसणार नाही, पण त्या दिवशी आईनं खरोखरच लाडू केले.

मुग्धा काल विचारत होती, आजी, तुमच्या वेळी क्लासेस होते का? मी म्हणाले, होते. कुठले, तर मेंदीच्या कुंपणाचे. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. तिच्या क्लासला थंड हवेचं यंत्र आहे, आमच्या क्लासला होळीनंतरचा नागपूरचा उकाडा होता. जमीन तापायची, मोड्यावर बसवत नसे, तमाराबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायची. तरी मला वाटतं की आमचा क्लास बरा होता. तिथं शिकताना तोंडात काहीतरी गोड असायचं.

परीक्षेचा पहिला दिवस आला आणि पहिला पेपर इंग्रजीचाच. आईनं दोघींच्या हातावर दही ठेवलं. आधी आत्याच्या, मग माझ्या. सासरी शुभकामाला निघालेल्या माणसासमोर आत्यानं उभं राहायचं नसे, इथं आईनं तिच्या तळहातावर दही ठेवून वर साखर घातली आणि बोटं मिटवली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं आवरलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून गर्जना झाली, "नी पुखा, नी पेरा!"

याचा अर्थ तमाराबाईनं आधीच सांगून ठेवला होता. पीसही नको, पंखही नको. शिकारीला निघालेल्या माणसाला रशियात असं म्हणत आणि आता परीक्षेला निघालेल्याला म्हणतात. शिकार भरपूर मिळो असं म्हटलं तर सैतान ऐकतो आणि उलटं करतो, म्हणून मुद्दाम वाईट म्हणायचं. इन्स्टिट्यूटमधले नाटकवाले साहेबही प्रयोगाआधी एकमेकांना पाय मोडो म्हणतात, ते त्याचसाठी. आत्याला हे लगेच पटलं होतं. "म्हणजे गालाले काजळ लावते तसं," ती म्हणाली होती. पण पुढची पायरी तिला पटत नव्हती. ज्याला असं म्हटलं त्यानं आभार मानायचे नाहीत, उलट तोंडावर म्हणायचं, 'क चोर्तू!' म्हणजे जा सैतानाकडे. नाही म्हटलं तर सगळं फुकट.

मी तर वाटच पाहत होते. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "क चोर्तू!" आत्या मात्र उभीच राहिली. तमाराबाई हातवारे करत होती, म्हण, म्हण! आत्याचे ओठ हलले. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं, तिनं शेवटी हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. तमाराबाईनं कपाळावर हात मारला, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकली आणि आमच्या फाटकाच्या लाकडावर टकटक करत राहिली. आम्ही टांग्यात बसून वळणावर गेलो तरी ती टकटक करतच होती.

पेपर मला बरा गेला. बाहेर आले तर आत्या लिंबाखाली बसलेली, तोंड पांढरंफटक. मी जवळ गेले.

"काय झालं वं आत्या?"

"खेकडा," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. वाक्प्रचार घालून वाक्यं पुरी करायची होती. आळशी मुलगा पहाटे कधी उठेल? इंग्रज म्हणतात, डुकरं उडतील तेव्हा. आत्यानं लिहिलं, डोंगरावर खेकडा शीळ घालील तेव्हा. कारण तमाराबाईनं आमच्या पडवीच्या पायरीवर चढून खेकड्यासारखे हात वाकवून शीळ घालून दाखवली होती, आणि ते दृश्य पाहिल्यावर डुकरं कुणाच्या लक्षात राहणार? पुढचं वाक्य, हरी बोटाला खरचटलं तरी केवढा गाजावाजा करतो. डोंगर आणि चिचुंद्री हवी होती. आत्यानं लिहिलं, हरी माशीचा हत्ती करतो. जुळ्या भावांना तिनं एका शेंगेतले मटार करायचं सोडून पाण्याचे दोन थेंब केलं. सगळं शुद्ध इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, आणि सगळं रशियन. घंटा झाल्यावर, पेपर हातातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

हसू येण्याजोगं होतं, पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. टांग्यात ती एवढंच म्हणाली, "मीनं संत्र्याच्या टोपल्या पाहिल्या वं डोळ्यापुढं." मी तिचा हात धरून बसले.

घरी आल्यावर तमाराबाईला कळलं तेव्हा ती मटकन मोड्यावर बसली. सगळा दोष माझा, म्हणाली. मग दोष आत्याचा, म्हणाली, कारण आत्यानं तिला सैतानाकडे पाठवलं नव्हतं. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटत होत्या. वडील म्हणाले, "झालं ते झालं, बाकी पेपर तं हायेत ना." आईनं आत्याला वेगळं, मोठं ताट वाढलं आणि समोर बसून जेवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी इतिहासाचा पेपर. पुन्हा दही, पुन्हा कुंपणापलीकडून "नी पुखा, नी पेरा!", पण आवाजात आदल्या दिवसाचा दम नव्हता. आत्या फाटकाशी थांबली. तिनं वळून पाहिलं. आणि मग माझी यमूआत्या, जिनं जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं, कमरेवर हात ठेवून रेल्वेच्या सगळ्या क्वार्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "जाय मर तिकडं! सैतानाच्या घरी जाय!" रशियन शब्द तिला ऐन वेळी आठवलेच नाहीत. तमाराबाईला मराठी येत नव्हतं, तरी एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. ती दोन्ही हात वर करून बंगल्याच्या अंगणात नाचली. शेजारच्या स्टेशनमास्तरांच्या पत्नी खिडकीत येऊन पाहू लागल्या. आमच्या दोन घरांत मोठं भांडण पेटलं, ही बातमी त्यांनी दिवसभर पुरवून पुरवून सांगितली. त्यानंतर प्रत्येक पेपरला आत्याची शिवी वाढत गेली. गणिताच्या दिवशी तर ती इतकी लांबली की टांगेवाला म्हणाला, "बाई, आता चला, नाही तं घंटा होईन."

परीक्षा संपली आणि वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले, रस्ते दुपारी ओस पडायचे. मृग बहर संपला, टोपल्या यायच्या थांबल्या. शेवटच्या टोपलीचा तमाराबाईनं मुरांबा केला, साली कुटून, साखर घालून, आमच्याच चुलीवर. तिच्या मोठ्या पातेल्याभोवती आम्ही चौघी घामाघूम होऊन बसलो होतो आणि परीक्षक कोण असेल यावर बोलत होतो. तो जबलपूरचा असेल असं आत्यानं ठरवलं होतं. का, ते माहीत नाही. मग आम्ही त्याचं सगळं रंगवलं. जबलपूरचा परीक्षक, नाकावर चष्मा, उकाड्यानं हैराण, एकसारख्या उत्तरांच्या ढिगात बसलेला. कंटाळून पुढचा पेपर उघडतो आणि त्यात डोंगरावर बसून खेकडा शीळ घालतो आहे! आईचं म्हणणं, तो बायकोला हाक मारून दाखवील. तमाराबाईचं म्हणणं, तो रशियन असेल. आत्या ढवळता ढवळता हसत होती, आणि मग एकदम ढवळायची थांबली. "पण मार्क देईन का वं तो?" तिनं विचारलं. तमाराबाईनं तिच्या हातातली पळी घेतली आणि स्वतः ढवळू लागली.

युद्ध संपल्यावर तमाराबाई नवऱ्याबरोबर विलायतेला गेली. जाताना ती आमच्या पडवीत सगळ्यांना घेऊन क्षणभर गप्प बसली. प्रवासाआधी असं बसायचं असतं म्हणाली. आम्हा सगळ्यांच्या आयुष्यातली तेवढीच एक वेळ की ती बोलत नव्हती. पुढचं मला ठाऊक नाही. पण आजही पाऊस जोराचा आला की माझ्या मनात आधी बादली येते, मग मुसळ. कुत्री-मांजरं येतच नाहीत.

पण ते फार पुढचं. त्या उन्हाळ्यात निकाल वर्तमानपत्रात यायचा होता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे वडिलांच्या पार्सल ऑफिसातूनच सुटत, त्यामुळे अजनीत सगळ्यांच्या आधी तो त्यांना कळणार होता. त्या दिवशी भर दुपारी वडील डोक्याला टोपी न घालता, सायकल विसरून, पायी धावत आले. आमच्या वडिलांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दारातूनच ओरडले, "दोघीही! यमे, दोघीही!" आत्यानं पेपर हातात घेतला, आपला नंबर बोटानं शोधला, त्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते बोट उचललंच नाही. जबलपूरच्या त्या माणसानं खेकड्याला मार्क दिले की निबंधानं आत्याला तारलं, हे मला आजतागायत माहीत नाही. तमाराबाई कुंपणाला वळसा घालून यायला थांबली नाही, कुंपणातूनच आली. मेंदीला तिथं पडलेलं भोक पुढे कधी बुजलं नाही.

गुलाबराव दुसऱ्या दिवशी आले. निकालाचं त्यांना स्टेशनवरच कळलं होतं. ते बाजेवर टेकले, पाणी प्यायले. आत्या रीतीप्रमाणे आत, स्वयंपाकघराच्या दाराआड. भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, काही सांगायचं तर दुसऱ्याकरवी. मी तिच्या शेजारी उभी होते.

"पास झाल्या म्हणता," ते वडिलांना म्हणाले.

"झाली," वडील म्हणाले.

"बरं झालं. मंग आता? मृगाच्या आधी बागेत पाच-सहा माणसायचं काम हाय. त्यायले तयारी कराले सांगा."

वडील तोंड उघडणार तोच आत्या दाराआडून बाहेर आली. डोक्यावर पदर, मान खाली, पण आवाज खणखणीत. "मी येऊन नाही राहिली. मले शाळेत नोकरी लागली. मी इथंच राहीन."

आई चहाचा कप घेऊन दारातच थांबली. गुलाबरावांनी वर पाहिलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली, ती फिरवत बसले. मग वडिलांनाच विचारलं, "इंग्रजीतही पास?"

"इंग्रजीतही," उत्तर आत्यानं दिलं.

ते उठले. चहा न घेताच निघाले असं वाटलं. आईचा चेहरा पडला, वडील त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. पायरीवर गुलाबराव थांबले, वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ आत्याकडे पाहून बोलले. आवाज अगदी हळू होता.

"आमच्या पोरीची, कमलीची, चौथी झाली. गावात पुढं शाळा नाही. तुमच्यापाशी ठेवली तं शिकवाल का तिले?"

आत्याचा पदर डोक्यावरून खाली घसरला, तो तिनं सावरला नाही.

"आज काहून नाही आणली?" ती म्हणाली.